उभ्या गाडीच्या ब्रेकना चढणारा गंज

महोदय,

थंडीची चाहूल लागली की फारशी न वापरल्या जाणाऱ्या गाडीविषयी जे सल्ले कानावर येतात, ते बहुधा बॅटरीपुरतेच असतात. दोन-चार दिवसांनी इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे गाडी ठीक राहते, असा सर्वसाधारण समज आहे. ठाणे आणि नवी मुंबईत आठवडाभर लोकलने कामावर जाणाऱ्या असंख्य कुटुंबांची गाडी सोसायटीच्या आवारात नुसती उभी असते. तिच्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहे, कारण जागच्या जागी इंजिन चालवल्याने चाक फिरत नाही आणि चाक फिरल्याखेरीज ब्रेकच्या डिस्कवरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवरचा, गंज निघत नाही.

डिस्क बिडाची असते. ब्रेक दाबल्यावर तिला आवळणारा पॅड ज्या भागावर घासतो त्याला रंग देता येत नाही, तेल किंवा ग्रीस तर मुळीच लावता येत नाही. थोडक्यात, ते उघडे लोखंड असते आणि रोज धावणाऱ्या गाडीत पॅडच ते घासून लखलखीत ठेवतो. गाडी धुतल्यावर काही तासांतच डिस्कवर दिसणारा तांबूस थर निरुपद्रवी असतो, कारण पहिल्या काही ब्रेकमध्येच तो निघून जातो. गाडी कित्येक आठवडे हललीच नाही तर मात्र हा थर खोल उतरतो, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि पॅडखाली झाकलेल्या भागाचा ठसा डिस्कवर उमटतो. मग ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरू लागते, आणि अशी डिस्क खरवडून घ्यावी लागते किंवा बदलावी लागते.

या विषयावरचे बरेचसे मार्गदर्शन युरोप-अमेरिकेतून आलेले असते. तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते चाकांत जाऊन बसते, म्हणून तिथे हिवाळ्यात गाडीचा खालचा भाग वारंवार धुवायला सांगतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपल्याकडे समुद्र आणि खाडी जवळ असल्याने हवेतच क्षारांचा अंश असतो आणि क्षार हवेतील ओलावा धरून ठेवतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि आपल्याकडे हिवाळ्यातही पहाटेच्या वेळी ती सहज त्याहून वर असते. पावसाळ्याच्या मानाने हिवाळा बरा, हे मान्य. परंतु निरभ्र रात्री उघड्यावर उभ्या गाडीचा धातू हवेपेक्षा अधिक थंड होतो, त्यावर दव पडते, दुपारी ते सुकते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा पडते. सतत ओले राहण्यापेक्षा हे ओले-सुके होत राहणे लोखंडाला अनेकदा अधिक बाधते. त्यावर प्लॅस्टिकचे हवाबंद आवरण घातले तर आत अडकलेली वाफ आणखी भर घालते. आवरण घालायचेच असेल तर हवा खेळती ठेवणारे घालावे.

मला खरे आश्चर्य वाटते ते मात्र पहाटेच्या बादलीचे. आपल्या बहुतेक सोसायट्यांत मासिक पैसे घेऊन रोज गाड्या पुसण्याची व्यवस्था असते, आणि गाडी त्या दिवशी बाहेर जाणार आहे की नाही, याचा विचार न करता चारही चाकांवर पाणी मारले जाते. रविवारपर्यंत जागेवरून न हलणाऱ्या गाडीच्या डिस्क आपण पैसे देऊन दररोज ओल्या करवून घेतो, असा याचा अर्थ होतो. यात पुसणाऱ्याचा दोष नाही. चाके चमकली नाहीत तर तक्रार करणारे आपणच असतो. उभ्या गाडीची धूळ कोरड्या फडक्याने झटकावी, चाकांवर पाणी मारू नये, आणि गाडी धुतलीच तर लगेच एक फेरी मारून ब्रेक सुकवावेत, एवढी सूचना सोसायट्यांच्या फलकावर लागली तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरी सवय हॅन्डब्रेकची. अनेक लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात; त्यांत चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ड्रमला आतून लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, दाबले जाते. ओल्या ड्रमवर हॅन्डब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटतात. गाडी हलवताना ‘कट्’ असा आवाज होऊन ते सुटले तर ठीक. न सुटल्यास ॲक्सिलरेटर जोरात दाबून गाडी ओढू नये, मेकॅनिकला बोलवावे, कारण त्या ओढाताणीत लायनर पट्टीपासून उखडू शकतो. सपाट जागेवर गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि हॅन्डब्रेक मोकळा सोडावा. उतारावर मात्र हा प्रयोग करू नये. जागेअभावी एकामागे एक गाड्या लावणाऱ्या ठाण्यातील जुन्या सोसायट्यांत, वॉचमनला गाडी ढकलता यावी म्हणून हॅन्डब्रेक न लावण्याचा दंडक असतो. त्यांनी हा प्रश्न नकळत सोडवला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटे गाडी प्रत्यक्ष चालवणे, हा यावरचा मुख्य उपाय आहे. मागे वाहन नाही याची खात्री करून ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगावरून काही वेळा दमदार, पण चाके न घसरतील असा ब्रेक लावावा. त्यासाठी घोडबंदर रोड किंवा पाम बीच मार्ग ही जागा नव्हे. रहदारी कमी असलेला आतला रस्ता पाहावा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी तर हे आवर्जून करावे, कारण त्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि पॅड डिस्कला क्वचितच लागतात. गंज घालवण्यासाठी तेलकट फवारा मात्र डिस्कवर कधीही मारू नये. गंज जाईल, पण ब्रेकही जाईल.

किलोमीटर भरले नाहीत म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणेही चुकीचे आहे. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिना न वापरल्यानेच जाम होतात आणि ब्रेक ऑइल हवेतील ओलावा गाडी उभी असतानाही शोषते. डॉट 3 प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते, आणि तापून ऑइल उकळले तर ब्रेक नीट लागत नाही. म्हणून किलोमीटर कितीही असोत, साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे.

जुनी गाडी विकत घेताना ‘अगदी कमी चाललेली’ हे शब्द ऐकून हुरळून जाणाऱ्यांनीही चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून डिस्क पाहावी, आणि शक्य असेल तर चाक काढून तिची आतली बाजूही तपासावी. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या डिस्कची आतली बाजू अनेकदा पापुद्रे सुटेपर्यंत गंजलेली असते.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई