तुटका इंच

पुणे, २ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माजघराच्या खिडकीची जाळी इंचभर तोकडी आली त्याला तीन महिने झाले. आई, त्या फटीत तू जुन्या इरकलीचा काठ खोचून ठेवला आहेस, ते मला व्हिडिओ कॉलवर दिसलं. तू फोन पटकन दुसरीकडे फिरवलास खरा, पण हिरवा काठ जांभ्याच्या भिंतीवर लपणार कुठे?

काल रात्री कागद घेऊन बसले तेव्हा चूक सापडली. बाबांच्या टेपचा पहिला इंच हूकसकट तुटून गेलाय, तो माझ्या शाळेच्या दिवसांत. बाबा माप घेतात आणि एक इंच वजा करून सांगतात. या वेळीही तसंच सांगितलं. मला तो तुटका इंच लहानपणापासून पाठ, म्हणून मीही एक वजा केला. जाळीवाल्याने मी दिलेल्या मापाची जाळी बरोब्बर बनवली होती. त्या बिचाऱ्याला दोनदा फोनवर फाडून खाल्लं होतं, आज जाऊन माफी मागून आले. तो हसला आणि म्हणाला, "ताई, आम्हाला मिलिमीटरमध्ये देत जा."

म्हणून आतेभावाबरोबर एक खोकं पाठवते आहे. त्यात डिजिटल टेप आहे. एका अंगाला नेहमीसारखी ५ मीटरची पोलादी पट्टी, दुसऱ्या अंगाला लेझर, आणि मधे पडदा. आकडे इतके ठसठशीत की बाबांना चष्मा शोधावा लागणार नाही. बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडतो, पुन्हा दाबलं की तिथपर्यंतचं अंतर दिसतं. ते ब्लूटूथने बाबांच्या फोनमध्ये जातं आणि तिथून मला. मधे कुणी आकडा उच्चारायलाच नको. गेल्या गणपतीत फळीचं माप सांगताना फणसाखाली रेंज गेली आणि एकोणसाठचे एकोणसत्तर झाले, आठवतंय ना?

बाबा, हे चालतं कसं हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच लिहिते. लेझरचा उजेड भिंतीवर आपटून परत येतो. उजेड एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे आपल्या ओटीवरून माजघराच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. इतका बारीक वेळ थेट मोजणं अवघड, म्हणून त्या उजेडाची तीव्रता लाटेसारखी कमी-जास्त करतात आणि परत आलेली लाट किती मागे पडली त्यावरून अंतर काढतात. खुद्द मीटरची व्याख्याही १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरच बेतलेली आहे. पूर्वी जिच्यावरून मीटर ठरायचा ती पॅरिसजवळची प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी १९६० सालीच निवृत्त झाली. तुमच्यापेक्षा बरीच आधी, आणि ती गप्प कपाटात बसून आहे, शिडीवर चढत नाही.

शिडीचा विषय निघालाच आहे तर. 'निसर्ग' वादळानंतर, २०२० च्या जूनमध्ये, कौलं मोजायला तुम्ही आढ्यापर्यंत चढलात. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता आहे. मशीन स्टुलावर ठेवा, आढ्याच्या टोकाखालच्या भिंतीवर सरळ समोर एक माप घ्या, मग जागा न हलवता ठिपका आढ्याच्या टोकावर न्या आणि दुसरं घ्या. मधली उंची ते स्वतः काढून देतं. समोरचं ४ मीटर आणि तिरपं ५ मीटर आलं तर उंची किती, हे तुमच्या आठवीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरचाही सांगेल. फक्त पहिलं माप भिंतीशी काटकोनात हवं, आणि स्टुलाची उंची मिळवायला विसरू नका. अशा मापावर वासा कापायचा नसतो, पण किती ब्रास कौलं लागतील ते कळायला पुरतं. पडवीची जमीन २२ बाय ९ फूट, म्हणजे शंभर चौरस फुटांचा एक या हिशोबाने दोन ब्रासला दोन चौरस फूट कमी. छप्पर उतरतं, त्यामुळे कौलं त्याहून जास्तच लागणार.

याच्या खोडीही सांगून ठेवते. पहिली म्हणजे याचाही एक तुटका इंच आहे. अंतर मशीनच्या मागच्या कडेपासून मोजायचं की पुढच्या, हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर ठरतं. चित्र एक आणि तुम्ही टेकवलेली कड दुसरी असली की मशीनच्या लांबीएवढी चूक, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. मी मागच्या कडेवर ठेवून दिलं आहे, कृपा करून त्याला हात लावू नका. दुसरी खोड ठिपक्याची. दुपारच्या उन्हात पडवीत तो दिसतच नाही, आणि जांभ्यावर तर लालावर लाल. शिवाय आपल्या चिऱ्यांना भोकं. ठिपका भोकात गेला तर माप तेवढं वाढतं. तिन्हीसांजेला मोजा आणि भिंतीला लग्नाची जुनी पत्रिका धरा, पांढरी बाजू बाहेर. पत्रिका आईच्या डब्यात शंभरेक तरी असतील. काचेवर मोजू नका, लेझर आरपार जातो. आणि बाबा, विहिरीत लेझर मारायचा मोह तुम्हाला होणार हे मला माहीत आहे. पाण्यावर तो भलतंच सांगतो. मोजायचंच असेल तर थर्माकोलचा तुकडा पाण्यात सोडून त्यावर ठिपका पाडा. ताकद कमी असली तरी कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही, शेजारची पोरं आली की मशीन वर.

पोलादी पट्टीचं टोक सैल वाटेल. हातोडी मारून घट्ट करू नका! तो हूक त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा मुद्दाम हलता ठेवतात. चौकटीच्या आत माप घेताना तो दाबला जातो, फळीला अडकवून ओढलं की पुढे येतो, म्हणून दोन्ही मापं खरी निघतात. जुन्या टेपचा हूक तुम्ही ठोकला होता आणि त्यानंतरच तो तुटला, असं आईचं म्हणणं आहे. मी कुणाची बाजू घेत नाही.

खिडकीचं माप वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी घ्या. त्यातलं सर्वांत लहान धरायचं. दोन्ही कर्णही मोजा. आजोबांच्या वेळची चौकट, ती गुण्यात, म्हणजे नेमकी काटकोनात असेल अशी आशा मला नाही. तुमच्या सुताराशी बोलताना फूट, इंच आणि इंचाचा आठवा भाग ते सूत चालेल, मला मात्र मिलिमीटर पाठवा. तुमचं साडेतीन फूट दोन सूत म्हणजे इथल्या कारागिराचं १०७३.

आता खरं काम. आई, तू पुढचा परिच्छेद वाचला नाहीस तरी चालेल.

बाबा, आई माघ महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. त्यावर फोनवर बोलून झालंय, इथे उगाळत नाही. न्हाणीत भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवायचा आहे. पुस्तकी माप जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंच, पण आई चार फूट दहा. तिला चौरंगावरून उठायला सांगा, उठताना तिचा हात आपोआप भिंतीला जिथे टेकतो तिथे खडूने खूण करा आणि ती उंची मोजा. "मला काय झालंय?" म्हणेल. म्हणू दे. चिऱ्याच्या भिंतीत दांडा कशाने पकडेल ते मी इथे विचारून ठेवते. घाईने खिळे मारू नका.

मग मागल्या दारची पायरी. ती एकच आहे आणि ११ इंच उंच, हे मी दिवाळीत वितीने मोजलं होतं. उतार करायचं म्हटलं तर इंचाला फूट या हिशोबाने ११ फूट लांब होईल, वाटेत तुळस येईल, आणि पावसात त्या उतारावर शेवाळ धरलं की घसरगुंडीच. त्यापेक्षा मधे एक रुंद पायरी घालू, साडेपाच-साडेपाच इंचाची. तिथून न्हाणीच्या दारापर्यंतचं अंतर लेझरने घ्या.

स्वयंपाकघरातली वरची फळी राहिली. आई पाटावर उभी राहून कोकमाची बरणी काढते. पाट न घेता तिचा हात कुठवर जातो तेवढं कळवा, फळी तिथे आणू. आई, बरणी खाली ठेवली तर मुंग्या लागतात हे तुझं कारण मी ऐकलेलं आहे.

हे सगळं मृगाआधी व्हायला हवं, म्हणजे या आठ-दहा दिवसांत मापं आली पाहिजेत. आधी न्हाणी, मग पायरी, खिडकी सर्वांत शेवटी. टेप वापरून झाली की कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवा आणि गोळ्यांच्या बाटलीतली ती सिलिकाची पुडी सोबत टाका. आंजर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याने तुमच्या जुन्या टेपवरचे सात ते अकरा हे आकडे कसे खाल्ले ते मी पाहिलंय.

ती जुनी टेप मात्र टाकू नका. आतेभावाबरोबर इकडे पाठवा, मला हवी आहे.

तुमची,
धाकटी