ती युद्धातली जीप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सांगली आवृत्तीत गेल्या रविवारी दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप-ट्रक हरिपुरात विक्रीला असल्याची बातमी छायाचित्रासह आली. ती गाडी माझी. फोटो झकास आलाय, त्याबद्दल आभार. मजकुरात मात्र गाडीचं गाव सोडलं तर फारसं काही बरोबर नाही, आणि त्याचा ताप सध्या मला होतोय. म्हणून हे पत्र.

महायुद्ध संपलं १९४५ साली. माझी गाडी महिंद्रची एफसी-१५० आहे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ही जात जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने अमेरिकेत आणली ती १९५६ च्या अखेरीस, लढाई संपून दहा-अकरा वर्षं उलटल्यावर. तिचं तोंड ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने काढलं आणि गिऱ्हाईक डोळ्यांपुढे होतं शेतकऱ्याचं, ठेकेदाराचं. पुढे महिंद्रने परवान्यावर तीच गाडी आपल्याकडे बांधायला घेतली. माझ्या आरसी बुकात साल १९६८ आहे आणि गाडीचा प्रकार मालवाहू. या घडणीच्या काही गाड्या अमेरिकेत सैन्यासाठी वेगळ्या काढल्या होत्या हे खरं, पण हिने आयुष्यात हळदीच्या पोत्यांखेरीज काही वाहिलं नाही.

बातमीत तिला ‘विचित्र दिसणारी’ म्हटलंय. तिला बॉनेट नाही म्हणून ती तशी दिसते. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वर बसतो आणि इंजिन त्याच्या डाव्या मांडीशेजारी, केबिनमध्येच, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर लहान जीपइतकंच, ८१ इंच. तरीही मागे सहा फुटांवर लांब हौदा मिळतो. हरिपुरात पेवांच्या (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांच्या) गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना याची किंमत सांगायला नको. पेवातून काढलेली हळद मार्केट यार्डात न्यायची तर मोठा ट्रक आत शिरायचा नाही आणि बैलगाडीला वेळ लागायचा. ही नकटी (घरात तिला हेच नाव) पेवाच्या तोंडाशी जाऊन जागच्या जागी वळायची.

तोटेही सांगतो, कारण बातमीत फक्त कौतुक आहे. सगळं वजन पुढे असल्याने रिकामी गाडी उतारावर जोरात ब्रेक मारला की मागून हलकी पडते. उन्हाळ्यात झाकणाची धग थेट पायाला लागते. गिअर तीनच. आणि पेट्रोल पिते. आमच्या भागातल्या ज्या एफसी मला ठाऊक आहेत, त्या सगळ्यांच्या पोटात पुढे डिझेल इंजिन गेलं ते त्यामुळेच. आमच्या अण्णांनी तेवढं मात्र करू दिलं नाही. परवडत नाही म्हणून ते गाडी कमी चालवायचे, पण इंजिनाला हात लावू द्यायचे नाहीत.

‘जशी कारखान्यातून निघाली तशी’ हे आपलं वाक्य मला सगळ्यात खटकलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ही गाडी टपासकट पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग काढला तर ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. डिफरन्शियलमध्ये गाळ, ट्रान्सफर केसमध्ये गाळ, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम. तेव्हा नवं काय आणि जुनं काय ते मीच सांगतो. हौदा पूर्ण नवा आहे, मिरजेत बांधून घेतला. चॅसिसचा मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे आडवा दांडा, बदललाय. वेल्डिंग पुट्टी भरून लपवलेलं नाही, खाली वाकलात तर दिसेल. वायरिंग, ब्रेक लायनिंग, किंग पिन, रेडिएटरची जाळी नवी. रंग मूळचा नाही. मूळचा करडा होता, लाल माझ्या सुनेच्या पसंतीचा. इंजिन मात्र तेच, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं हरिकेन. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची जुनी रचना. ते खोलून पुन्हा बसवायला मिस्त्री मिळवण्यातच माझा अर्धा वेळ गेला.

‘विंटेज’ हा शब्दही आपण सढळ हाताने वापरलाय. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत विंटेजला अर्थ आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी. तशी नोंद झाली की ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणायची; रोजच्या कामाला जुंपायची नाही. माझी गाडी वयात बसते, पण नोंद मालवाहू आणि हौदा नवा. तो शिक्का मी मागितलेला नाही. घेणाऱ्याला हवा असेल तर त्याने आरटीओत स्वतः विचारावं. मी ती मालवाहू म्हणूनच विकतोय, फिटनेस करून. त्याची फी पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांना एप्रिल २०२२ पासून किती वाढली ते टेम्पोवाल्यांना विचारा.

आता ताप काय तो. बातमी आल्यापासून फोन थांबत नाहीत. एकाला दारावर अमेरिकन सैन्याचा पांढरा तारा रंगवून लग्नाआधीच्या फोटोंना गाडी भाड्याने द्यायची आहे. महाबळेश्वरच्या वाटेवर हॉटेल असलेल्या एका गृहस्थांना हौदा कापून वडापावचं काउंटर करायचंय. इंजिन काढून टाकलं तर किती कमी कराल, असं त्यांनी विचारलं. एकजण कोल्हापूरहून आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ‘गोळीची खूण कुठे आहे?’ म्हणाले. त्यांचा दोष नाही, त्यांनी आपलं वर्तमानपत्र वाचलं होतं. (चहा पाजून पाठवलं.) ज्याला खरोखर जुनी चालती एफसी हवी आहे असा माणूस मात्र महायुद्ध वाचून पुढचं पान उलटतो. माझं नुकसान झालंय ते तिथे.

विकतोय का, तर गुडघा बदललाय आणि तो क्लच आता दाबवत नाही. किंमत इथे लिहीत नाही. संपादकीय पानावर फुकट जाहिरात करून घेतली असं कोणी म्हणायला नको. चुकीची दुरुस्ती मात्र पहिली बातमी जिथे आली त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी ही विनंती.

ज्याला घ्यायची आहे त्याने सकाळी इंजिन गार असताना यावं, म्हणजे स्टार्ट कशी घेते ते कळेल. झाकण मी काढून ठेवीन. सोबत फोटोग्राफर नको, मिस्त्री आणावा.

आपला,
एक हळद व्यापारी (निवृत्त), हरिपूर, जि. सांगली