सुंगटांशी काडीमोड

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. "माळ घातलंस की काय रे?" असं तू हसत विचारलंस, पण त्या हसण्यातला राग मला कळला. मे महिन्यात तुझ्याकडे आलो, वहिनींनी सकाळपासून खपून केलेल्या सुंगटांच्या, आमच्या मुंबईच्या भाषेत कोलंबीच्या, आमटीला हात लावला नाही आणि वरणभात-लोणच्यावर उठलो. वहिनी दारातून दोनदा डोकावून गेल्या तेही पाहिलं. पंगतीत तुझे व्याही बसलेले. तिथे माझ्या दुखण्याचं कीर्तन कुठे लावणार? फोनवर सांगायला गेलो तर "मुंबयत ऱ्हवान पोटां नाजूक झाली तुमची" म्हणून तू मोकळा झालास. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पोटाचा यात काही संबंध नाही. मला कोलंबीची अॅलर्जी झाली आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर. मला, ज्याने तुझ्याबरोबर खाडीत पाग टाकून पकडलेली सुंगटं तिथेच चुलीवर भाजून, मीठसुद्धा न लावता खाल्ली आहेत.

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. गेली दोन-तीन वर्षं कधी कधी कोलंबी खाल्ली की ओठ चुरचुरायचे, टाळूला खाज यायची. आई म्हणायची मसाला तिखट झाला, बायको म्हणायची कोलंबी ताजी नव्हती. आणि गंमत अशी की पुढच्या खेपेला तीच कोलंबी भरपेट खाऊन काहीसुद्धा व्हायचं नाही. मग कोण कशाला संशय घेईल?

मग तो रविवार आला. कंबर धरली होती म्हणून सकाळी दुखण्याची गोळी घेतली होती. दुपारी कोलंबीभात झाला, आणि तो जिरवायचा म्हणून मी लगेच भरभर चालायला बाहेर पडलो. अर्ध्या वाटेवर तळहात खाजायला लागले. मग तळपाय, मग डोक्याची कातडी आतून. घरी येईपर्यंत पोटावर, मांड्यांवर, पाठीवर गांधी उठल्या होत्या. आई म्हणाली, "पित्त उठला हा, आगळ लाव," आणि वाटीत कोकमाचं आगळ घेऊन पाठीला चोळायलाच लागली. लहानपणापासून आपल्याकडे हाच उपाय, आणि साध्या पित्ताला त्याने थंडावा मिळतोही. पण आई पाठ चोळत होती आणि माझा आवाज घोगरा होत चालला होता. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. आणि दिगू, एक चमत्कारिक भीती भरून आली. कशाची ते कळेना, पण आता आपलं काही खरं नाही अशी. पुढे डॉक्टर म्हणाले की ती भीतीसुद्धा या आजाराच्या लक्षणांतच मोडते, पुस्तकात तशी नोंद आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा बायकोने मला रिक्षात घातलं.

दवाखान्यातली डॉक्टर पोरगेलीशी होती, पण तिने एक क्षण वाया घालवला नाही. आडवं केलं, पाय उंच केले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन ठोकलं. काही मिनिटांत श्वास मोकळा झाला, छाती मात्र धडधडत होती आणि हात थरथरत होते. तो त्या औषधाचाच गुण. एव्हिल आणि सेट्रिझिन आपण चण्यासारखे घेतो ना, त्याने खाज आणि गांधी जातात; पण घसा सुजला आणि बीपी कोसळलं की तिथे फक्त अॅड्रेनॅलिन चालतं, आणि तेही लवकर. रात्रभर ठेवून घेतलं, कारण हा झटका काही तासांनी उलटून परत येऊ शकतो.

त्या दिवशीच एवढं का झालं, आधी का नाही, हे कोडं नंतर सुटलं. गोळी आणि चालणं. काही वेदनाशामक गोळ्या, जोराचा व्यायाम आणि दारू या तीन गोष्टी अशी अॅलर्जी भडकवतात. नुसती कोलंबी खाऊन घरात लोळलो असतो तर कदाचित ओठ चुरचुरण्यावर निभावलं असतं. तेव्हा मला उगीच सारखं वाटायचं की एक दिवस होतं, एक दिवस होत नाही, म्हणजे हे मनाचेच खेळ. तसं नव्हतं.

पुढे अॅलर्जीच्या तज्ज्ञाकडे गेलो. शिंकांच्या गोळ्या आधी आठवडाभर बंद करायला लावल्या. मग हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुईने टोचलं. रक्तसुद्धा येत नाही. दोन थेंब खऱ्याखोट्याच्या पारखीला असतात, एक हिस्टामिनचा, जो फुगलाच पाहिजे, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जो फुगता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं, हीच काय ती शिक्षा. कोलंबीची जागा डास चावल्यासारखी टच्च फुगली, ते अपेक्षितच होतं. पण तिच्याहून मोठी गांध आली होती ती भलत्याच आकड्यावर. विचारलं तर म्हणाले, घरातल्या धुळीतला माइट. गादीत, उशीत, गोधडीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा.

आता मजा ऐक, पण वहिनींना जेवणाआधी सांगू नकोस. कोलंबी, कुर्ली, शेवंड, झुरळ आणि हा माइट, सगळे संधिपाद. शाळेत आपण पाठ केलं होतं, जोडलेल्या पायांचे प्राणी. त्या सगळ्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते एकमेकांशी खूप मिळतंजुळतं असतं. मला गेली कित्येक वर्षं सकाळी उठल्या उठल्या शिंका यायच्या, त्या या माइटपायी. आमची इमारत जुनी, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि माइटला दमट हवा म्हणजे माहेर. डॉक्टर म्हणाले की शरीर आधी माइटवर चिडलं असेल आणि मग तोच राग कोलंबीवर निघाला असेल. माझ्या बाबतीत हेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण होतं असं. म्हणजे खाल्लेल्या सुंगटांनी नाही, तर झोपलेल्या गादीने माझा घात केला!

आता तूही आईचाच प्रश्न विचारशील. आईच्या शब्दांत, "जल्मात कधी झाला नाय, ता आताच खयसून इला?" खरं तर आधी ओळख असावी लागते, मगच वैर होतं. १९०२ साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये यांनी समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्या डोसाला तगलेला कुत्रा काही आठवड्यांनी पहिल्यापेक्षा जास्त नसलेल्या डोसाने अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशेला त्यावर १९१३ साली नोबेल मिळालं.

मला मात्र दुसरी गोष्ट जास्त आवडली, कारण ती माशाची आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरात क्युस्टनर नावाचा डॉक्टर होता, त्याला शिजवलेला मासा चालायचा नाही. १९२१ साली त्याचा सहकारी प्राउस्निट्झ याने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. बाकी अंगाला काही नाही, पण तेवढ्या जागेवर गांध उठली! म्हणजे अॅलर्जी रक्तातून उसनी देता येते, रक्तात काहीतरी आहे हे ठरलं. ते 'काहीतरी' सापडायला १९६६ उजाडलं. अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी नवराबायकोने ते शोधलं, आणि त्याच सुमारास स्वीडनमधले शास्त्रज्ञही तिथे पोचले. ते एक प्रतिपिंड, त्याला आयजीई म्हणतात. हल्ली माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर त्याचा आकडा असतो आणि बायको तो शेअर बाजार बघावा तसा बघते.

आणि मी काही एकटा नाही. २०१९ साली अमेरिकेत चाळीस हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी छापून आली, तिच्यात खाण्याची अॅलर्जी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना निदान एक तरी अॅलर्जी मोठेपणी लागली होती. आणि सगळ्यांत वरचा नंबर कोणाचा? कोलंबी-कुर्ल्यांचा. आपल्या किनाऱ्यावर अशी मोजणी केली तर काय निघेल, याची मला उत्सुकता आहे. कितीजण दर पावसाळ्यात 'पित्त उठलं' म्हणून आगळ चोळून गप्प बसत असतील, देव जाणे.

शरीराचं एकवेळ ठीक आहे रे, माणसांचं कठीण. लहान पोराला अॅलर्जी आहे म्हटलं की सगळे हळहळतात. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने म्हटलं की नखरे. मावशीने दृष्ट काढली, मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. चुलतभाऊ म्हणाला, "थोडी थोडी खाऊन सवय कर." एका लग्नानंतरच्या जेवणावळीत वाढणारा इतका प्रेमळ होता की त्याने माझ्या पानातली कोलंबी उचलून घेतली आणि म्हणाला, "घ्या, आता नुसता रस्सा खावा." अरे, ते प्रथिन शिजवून मरत नाही आणि पाण्यात उतरतं, म्हणजे रस्सा हीच तर खरी कोलंबी! मी ताट सरकवलं तर त्याला अपमान वाटला. तुझ्याकडे मी तोंड उघडलं नाही ते याच धास्तीने.

उलट एकदा सीटी स्कॅनच्या वेळी फॉर्मवर लिहिलं तर तिथला माणूस घाबरला, म्हणे कोलंबीची अॅलर्जी म्हणजे आयोडीनची, आता शिरेत औषध कसं द्यायचं? डॉक्टरांनी त्याला समजावलं की भांडण प्रथिनाशी आहे, आयोडीनशी नाही.

काय गेलं ते सांगू? सुंगटांची आमटी गेली त्याचं एवढं नाही. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा आपली सगळी चव सुक्यावर चालते ना. वांग्यात सुक्या कोलंबीचे सोडे, सोड्यांची खिचडी, पेजेबरोबर जवळ्याची किसमूर, खोबरं आणि कांदा घालून. ते गेलं. आईने फडताळातली सोड्यांची बरणी आधी माळ्यावर ठेवली, मग तिला राहवेना. मीच म्हटलं, तू खा. आता मी ऑफिसला गेलो की खिडक्या सताड उघड्या टाकून करते, कारण शिजतानाच्या वाफेनेही काहींना त्रास होतो. तवा आणि पळी वेगळी ठेवली आहे. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की विचारते, "वास येता काय?" येतो. मी नाही म्हणतो.

बाकी संसार असा. गादीउशीला माइट आत जाणार नाही अशा घट्ट विणीच्या खोळी, चादरी कढत पाण्यात, भिंतीची ओल काढून घेतली. शिंका बऱ्याच कमी झाल्या, पण त्याने कोलंबी परत चालेल अशी आशा डॉक्टरांनी लावली नाही. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, ते आपल्या दुकानांत सहजी मिळत नाही. म्हणून डॉक्टरांनी अॅड्रेनॅलिनची कुपी आणि सिरिंज लिहून दिली. चष्म्याच्या जुन्या डबीत ती माझ्याबरोबर असते, किती भरायचं ते कागदावर लिहून आत चिकटवलं आहे. बायकोने मोसंब्यावर टोचून सराव केला. मोसंबं दगावलं नाही.

आता मुद्द्याचं. चतुर्थीला येतोय आणि विसर्जन झाल्यावर तुझ्याकडे मासे खायला यायचं आहेच. बांगडा, सुरमई, पापलेट मला व्यवस्थित चालतात, कारण माशातलं अॅलर्जीचं प्रथिन निराळं असतं. चाचणीतही त्या जागा सपाट राहिल्या. तिसऱ्या, कालवं आणि माकूल यांच्यापासूनही डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलंय. वहिनींना म्हणावं, तुमची सुंगटं खुशाल करा, सगळ्यांना वाढा, फक्त माझी सुरमई आधी तळून घ्या. तवा स्वच्छ, तेल ताजं, रव्याची ताटली वेगळी. सुंगटं सोललेली सुरी माशाला नको. आणि सोलकढीची पळी दुसऱ्या टोपात बुडवू नका, एवढं पोरांना बजाव. एक काम तुझं: तुझ्याजवळच्या दवाखान्यात अॅड्रेनॅलिन असतं का आणि रात्री कोण असतं, ते विचारून ठेव. लागणार नाही, पण विचार.

तुतारीची तिकिटं काढली आहेत, कुडाळला उतरू. आईने ती सोड्यांची बरणी वहिनींसाठी बांधून ठेवली आहे. वेंगुर्ल्याहून आलेले सोडे मुंबई बघून परत चालले. दोन पिशव्यांत गुंडाळून बायकोच्या बॅगेत आहेत. स्टेशनवर ती बॅग तू उचल, मी नाही.

तुझा,
नंदू