चिकूच्या खोडावरची पलटण

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय. तू पाठवलेल्या चिकूच्या फोटोतले सुरवंट मेटानास्ट्रिया हिर्टाका या पतंगाचे दिसतात. कूळ लॅसिओकॅम्पिडी. या कुळाच्या जगभरात दोनेक हजार जाती आहेत, आणि अळी काय, पतंग काय, सगळेच केसाळ. तुझ्या अंगणातली बकूळही बघून ठेव. चिकू आणि ती एकाच कुळातली, त्यामुळे हे पाहुणे तिथेही जातात.

पानं कुरतडलेली दिसतात पण वर अळी सापडत नाही म्हणालास ना? सापडणार नाहीच. दिवसभर सगळी पलटण खोडावर एकमेकांना खेटून बसते. अंधार पडला की वर चढते, उजाडायच्या आत खाली. भिंग घेऊन बघ, अंगाच्या दोन्ही कडांना केसांची झालर असते. ती सालीला टेकली की अळीची सावलीच पडत नाही. हात दोन वितींवर असतानाही नजर फसते!

पोटभर खाऊन झालं की अळी कोष विणते, आणि त्यात स्वतःचे केसही गुंफते. म्हणून रिकामा कोषसुद्धा पोरांना हाताळू देऊ नकोस, खाज सुटते. सुटलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून केस उपटायचे, मग साबणाने धुवायचं. कोषातून निघालेल्या पतंगाला खायचं कामच उरत नाही. सोंड खुंटलेली, सगळा जीव अळीपणीच्या चरबीवर. नराच्या पुढच्या पंखावर चॉकलेटी डाग असतो, मादी आकाराने मोठी आणि अंड्यांनी जड.

याच कुळातला ट्राबाला विष्णू हा पतंग जांभळीवर, डाळिंबावर असतो, हिरवागार. त्याची मादी दोन ओळींत अंडी घालते आणि त्यावर आपल्या शेपटाकडचे केस चिकटवते. लांबून वाटतं, केसाळ अळीच बसलीय. मला तर या कुळातली ही सगळ्यात भारी युक्ती वाटते.

आता तुझ्या कामाचं. शेजाऱ्यांचा मशालीने अळ्या जाळायचा सल्ला ऐकू नकोस, साल भाजते. भर दुपारी सगळ्या एका जागी असतात, तेव्हा लांब दांड्याचा खराटा घे आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाड. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे विसरू नकोस. फवारणीची घाई नको. ‘पेरते व्हा’ ओरडून डोकं उठवणारा पावशा अशाच केसाळ अळ्या चवीने खातो, चातकही. एखादा कोष जाळीच्या डब्यात ठेवून बघ. पतंगाऐवजी माशी निघाली तर मारू नकोस, ती अळीच्या अंगात वाढणारी टॅकिनिड, आपल्याच बाजूची.

वहिनींना नमस्कार सांग. चिकूची पेटी मात्र यंदाही यायला हवी, सबब चालणार नाही.

तुझा,
विनय