मेणात दात घडवणाऱ्या लॅबमधल्या तंत्रज्ञांना

सप्रेम नमस्कार.

झिजलेल्या दातांचं काम पेशंटला खुर्चीवर होताना दिसतं. खरं तर त्यातलं निम्मं तुमच्या टेबलावर, मेणात आधीच झालेलं असतं. त्याबद्दल हे आभार.

पहिले आभार तुमच्या फोनचे. 'डॉक्टर, वरच्या-खालच्या सुळ्यांचे सपाट पैलू एकमेकांवर बरोब्बर बसतायत, पेशंट झोपेत दात खातो का विचारा.' तोंडात लाळेच्या चकाकीत जे निसटतं, ते प्लास्टरच्या मॉडेलवर स्वच्छ दिसतं. आम्लाने झिजलेले दात वेगळे ओळखू येतात. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात आणि जुनं फिलिंग भोवतीच्या दातापेक्षा उंच राहतं, कारण आम्ल दात विरघळवतं, फिलिंगला फारसा धक्का लावत नाही. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत आणि पातळ झाली असेल, तर पोटातलं आम्ल तोंडात येतं का, हे विचारलंच पाहिजे. बहुतेक तोंडांत दोन-तीन कारणं एकत्र नांदतात. ती शोधली नाहीत, तर नवं कामही त्याच वाटेने जातं.

दुसरे आभार आमचीच चूक परत पाठवल्याबद्दल. दात पूर्ण मिटवून घेतलेली बाइट (वरचे-खालचे दात कसे जुळतात त्याचा ठसा) आली की तुम्ही ती स्वीकारत नाही. बरोबरच आहे. झिजलेल्या दातांची उंची वाढवायची असेल, तर बाइट दात एकमेकांना न टेकवता, वाढीव उंचीवरच घ्यायला हवी. अल्जिनेटचं (दातांचा ठसा घ्यायच्या मऊ पदार्थाचं) माप उघडं राहिलं की सुकून आकसतं, मग मॉडेल खोटं बोलतं. आणि दाढेच्या खळग्यात राहिलेला प्लास्टरचा एक बारीक दाणा सबंध बाइट उचलून धरतो. तो तुम्ही खरवडून काढता, म्हणून आमचा तासभर वाचतो.

थेट कॅपची ऑर्डर आली, की 'आधी मेणात बघू का?' असं तुम्ही विचारता. आधीच झिजलेला दात कॅपसाठी आणखी घासायचा, की उरलेल्या एनॅमलवर (दाताच्या कडक बाहेरच्या थरावर) कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंगचं साहित्य) चढवायचं? शक्य तिथे आम्ही दुसरी वाट धरतो, आणि ती तुमच्या वॅक्स-अपशिवाय, म्हणजे मेणातल्या नमुन्याशिवाय, चालता येत नाही. मेणावरून टाळूच्या बाजूने पुटीची की (मेणाच्या आकाराचा रबरी साचा) करताना तुम्ही ती कडेच्या न झिजलेल्या दातांवर टेकवता आणि रबर डॅमसाठी (दात कोरडे ठेवणाऱ्या रबरी पडद्यासाठी) हिरडीकडून कापता. त्यामुळे ती तोंडात डुलत नाही. शेजारच्या दातांवर टेफ्लॉन टेप लावायची, 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल एनॅमलवर 30 सेकंद आणि डेंटिनवर (एनॅमलच्या आतल्या थरावर) 15 सेकंद ठेवायचं, धुऊन बाँडिंग (कंपोझिट दाताला चिकटवणारा द्रव) लावायचं. मग कीमध्ये मागची पातळ भिंत आधी, आणि तिच्यावर 2 मिलिमीटरच्या आतले थर, प्रत्येक थर कडक करायला लाइट. पिवळं, काचेसारखं चकाकणारं डेंटिन आधी हलकं खरवडलं नाही, तर तिथे बाँड नीट धरत नाही. कडेला कंपोझिट फार पातळ राहिलं, तर टवका उडतो. तुम्ही मेणातच जाडी राखता, ते यासाठी.

फक्त पुढचे दात उंचावले, तर दाढा काही महिने एकमेकींना टेकत नाहीत, मग हळूहळू सरकून भेटतात. डाल नावाचे दंतवैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग 1975 मध्ये मांडला. पेशंटला हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्याच दिवशी 'जेवता येत नाही' म्हणून फोन येतो. तो दोष लॅबचा नसतो.

शेवटी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच. दात खाणाऱ्यांसाठी तुम्ही तो कडक ॲक्रिलिकचा करता आणि सगळ्या दातांचा टेकू सारखा ठेवता. एकाच दाढेवर भार आलेला गार्ड पेशंट आठवड्यात डब्यात टाकतो.

बाइट चुकली असेल तर यापुढेही बिनदिक्कत परत पाठवा.

आपले,
खुर्चीशेजारचे दंतवैद्य