'तिशा बाव' साजरा नाही करत हो!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

३ ऑगस्ट २०२५ ला तिशा बाव झाला, त्याचा जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीजवळ जमिनीवर बसलेल्या लोकांचा फोटो तुम्ही छापलात, बघून बरं वाटलं, पण खालची ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. 'ज्यू बांधवांनी उत्साहात सण साजरा केला.' अहो, ती माणसं रडायला बसली होती!

मी बेने इस्रायल, म्हणजे मूळची कोकणातली मराठी ज्यू, राहायला इस्रायलमधल्या अश्दोदला, मराठी पेपर रोज मोबाईलवर वाचते, म्हणून हक्कानं लिहितेय. तिशा बाव म्हणजे आमच्या हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तारीख. जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोनच्या सैन्यानं इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं, दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये जाळलं, आणि परंपरेनं दोन्हींचं सुतक याच दिवशी. पुढे १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकललं तेही लोकांनी याच दिवसाच्या खात्यात टाकलं. उपास संध्याकाळपासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, साधारण २५ तास, पाण्याचा थेंबही नाही आणि तोही इथल्या ऐन उन्हाळ्यात. अंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, नवरा-बायको लांब, चामड्याची चप्पलसुद्धा नाही. सिनेगॉगमध्ये कडक इस्त्रीच्या पँटखाली कापडी बूट घातलेले काका दिसले की समजायचं आज काय आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी आम्ही एकमेकांना शालोमसुद्धा, म्हणजे आमचा नमस्कार, म्हणत नाही. मयताच्या घरी कोणी 'काय, मजेत ना' विचारतं का? तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मला फुलांचं चित्र टाकून 'हॅपी तिशा बाव' येतंच, आता याला काय रिप्लाय द्यायचा सांगा. तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, अभ्याससुद्धा बंद, कारण त्यानं मनाला आनंद होतो! फक्त शास्त्रातली दुःखाची पुस्तकं, म्हणजे ईयोब, यिर्मयातला दुःखाचा भाग आणि विलापगीत, एवढंच चालतं. रात्री दिवे मंद करतात, बऱ्याच ठिकाणी तोरा ठेवतात त्या पवित्र कपाटाचा पडदाही काढून ठेवतात, सगळे खाली बसतात आणि वाचणारा विलापगीताचा पहिलाच शब्द 'एखा' असा लांबवतो की अंगावर काटा येतो. एखा म्हणजे 'कशी'. माणसांनी गजबजलेली नगरी अशी एकटी कशी बसली, विधवेसारखी.

आता एक गंमत, म्हणजे गंमत नाही पण मला नेहमी विचारात पाडते. घरात कोणी गेलं की आमच्यात सात दिवस कडक, मग तीस दिवस थोडं सैल, आईवडील असतील तर वर्षभर, म्हणजे दुःख हळूहळू उतरतं. तिशा बावला बरोब्बर उलटं. आधीच्या तम्मुज महिन्याच्या १७ पासून तीन आठवडे लग्नं बंद, मग आव लागला की बरेच जण मटण आणि वाईन सोडतात, मग उपासाआधीचं शेवटचं जेवण जमिनीवर बसून, उकडलेलं अंडं राखेत बुडवून (२०२५ ला आदल्या दिवशी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, होता म्हणून राख नव्हती, शब्बाथला शोक दाखवत नाहीत). म्हणजे दुःख चढत चढत जातं, जुनं आहे ना, उकरून काढावं लागतं. आणि दुपार टळली की लोक उठून खुर्चीवर बसतात. मंदिराला आग लागली ती दुपारनंतरच, असं जुने ग्रंथ सांगतात, म्हणजे ऐन आगीच्या वेळी शोक सैल! का, तर देवानं राग लाकूड-दगडांवर काढला, माणसं वाचली.

खरं सांगायचं तर तुम्हाला फार बोलायला मला तोंड नाही, कारण कोकणातले आमचेच जुने लोक या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणायचे. वालाच्या बिरड्यावरून नाव पडलेलं. सुतकाला आमच्यात मसूर खायची जुनी रीत आहे, मसुराला तोंड नसतं आणि दुःखात माणसाचंही तोंड बंद होतं म्हणून, आता वालाला चांगलं पांढरं तोंड असतं ते सोडा. पण सण म्हणत असले तरी उत्साह वगैरे नव्हता त्यात.

२०२६ ला तो २३ जुलैला आहे, म्हणजे २२ च्या संध्याकाळपासून. तेव्हा फोटो जरूर छापा, फक्त खाली 'पाळला' लिहा. आणि तुमच्या त्या पानावरच्या शुभेच्छांच्या चौकटीत आम्हाला घेऊ नका प्लीज.

आपली एक वाचक, अश्दोद