नाणी चिंचेने घासू नका, आधी जागा लिहून ठेवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा पिशवी घेऊन घरी आला, म्हणाला काका तुम्ही जुनी नाणी जमवता ना, जरा बघून सांगा. त्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवलाय आणि रविवारी मित्रांबरोबर शेतांतून फिरतो. पिशवीत तांब्याची सात-आठ झिजकी नाणी, एक वॉशर, पितळेचं बोंडासारखं काहीतरी आणि एक राखाडी गोटी, आणि सगळं रात्रभर चिंचेच्या कोळात भिजवून घासून लख्ख केलेलं. बघून जीवच हळहळला माझा.

तांब्यावर काळपट-हिरवा थर चढतो ना, बरेचदा त्या थरातच अक्षरांची कड टिकून असते, आंबट लावलं की थर जातो आणि अक्षरंही जातात. एका नाण्यावर बैलाचं वशिंड आणि पाठ एवढंच उरलंय, म्हणजे बहुधा इंदूरचे राजे शिवाजीराव होळकर यांच्या वेळचं नंदीवालं नाणं, पण साल गेलं ते गेलंच. बाकीची अंधाऱ्या खोलीत नेली आणि मोबाईलचा टॉर्च अगदी कडेने आडवा धरला, असं केलं की बारीक सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या जागीही रेघ उमटते. एकावर झेंडा धरलेला सिंह दिसला, सोनाराकडे काट्यावर ठेवलं तर 6.2 ग्रॅम भरलं. ईस्ट इंडिया कंपनीचा 1835 चा पाव आणा नवा कोरा असताना 6.48 ग्रॅमचा असायचा, तेव्हा झीज धरून हिशोब बरोबर बसला. वॉशर म्हणून आणलेला तो भोकाचा पैसा निघाला, 1943 ते 47 मधला, कडेला मुकुट अजून शाबूत आहे. आणि बोंड म्हणजे बैलाच्या घागरमाळेतलं घुंगरू, आतला खडा गेलेला.

पण मला खरी चुटपुट लागली ती त्या गोटीची. ती शिशाची आहे, बंदुकीची जुनी गोळी. कुठे मिळाली विचारलं तर म्हणे महिदपूरकडे कुठल्यातरी शेतात. अरे कुठलं शेत, नदीपासून किती लांब, काही आठवत नाही. 21 डिसेंबर 1817 ला तिथे शिप्रेकाठी होळकरांची फौज कंपनीशी लढली, पुढे मंदसौरचा तह झाला आणि 1818 मध्ये राजधानी इंदूरला आली. ही गोळी त्याच लढाईतली आहे असं मी म्हणत नाही, पण जागा माहीत असती तर कुणा जाणकाराला ते तपासता तरी आलं असतं.

अजून एक, होळकरांच्या चांदीच्या रुपयावर फारसीत मुघल बादशहा शाह आलमचं नाव असतं म्हणून लोक त्याला मुघल समजून विकून टाकतात. सूर्याचा चेहरा दिसला तर तो आपल्या मल्हारनगरचा म्हणजे इंदूरचा, शिवलिंग आणि बेलाचं पान असेल तर महेश्वरचा. एवढं तरी इंदूरकरांना माहीत असायला हवं. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, 1878 चा कायदा आहे तो, त्या मुलाला ह्याची कल्पनाच नव्हती आणि घाबरून आता तो पिशवीच लपवून ठेवायचं म्हणतोय, मी म्हटलं लपवू नको, अर्ज मी लिहून देतो.

म्हणून आपल्या पेपरमधून विनंती आहे की आपल्या केंद्रीय संग्रहालयात महिन्यातून एक रविवार असा ठेवावा जिथे लोकांना घरातली, शेतातली नाणी न घाबरता दाखवता येतील आणि ती कुठे मिळाली ह्याची नोंद एका वहीत होईल. तिथे बसायला मी तयार आहे, काटा, भिंग आणि टॉर्च माझा.

आपला एक वाचक,
इंदूर